पांढरी पाच, काळी चार

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. दूधवाल्यादेखत मी दुधात बोट बुडवून पाहतो, पोस्टमननं दिलेलं पाकीट फोडण्याआधी उजेडात धरतो, आणि कोणी विनाकारण गोड बोललं तर त्या दिवशी मला जेवण जात नाही. माझी बायको सुभद्रा म्हणायची, "तुमी तं आरशातबी आपलंच तोंड आहे का नाई, हे दोनदा पाह्यता." हसायचं त्यानं हसावं. पण अमरावतीत अंबागेटजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणं, तेही त्रेचाळीस साली, हे काही भोळ्या माणसाचं काम नव्हतं.

आदल्या ऑगस्टातली गडबड अजून निवलेली नव्हती. मुंबईत चोरून चालवलेलं रेडिओ केंद्र पकडलं गेल्याची बातमी आली, आणि तेव्हापासून ज्याच्या घरात म्हणून तारेचं भेंडोळं असेल त्याच्याकडे पोलीस जाऊन येऊ लागले. माझ्याकडे तर भेंडोळीच भेंडोळी होती. शिवाय एक शिट्टी होती.

शिट्टी म्हणजे रेडिओ तपासण्याचं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव ऑसिलेटर, पण आमच्या दुकानात शिट्टीच. बिघडलेला रेडिओ नुसता जोडून भागत नाही, त्याला जुळवावा लागतो. मुंबईचं स्टेशन कधी लागतं, कधी विरतं, त्याच्या भरवशावर जुळवणी कशी करणार? म्हणून हे यंत्र टेबलावर ठेवायचं. ते आपल्याला पाहिजे तेवढ्या किलोसायकलची लहर तयार करतं, ती रेडिओत सोडायची, आणि रेडिओतली शिट्टी जास्तीत जास्त मोठी होईपर्यंत आतले बारीक स्क्रू फिरवत बसायचं. यंत्राला तीन खुंट्या. मोठी खुंटी किलोसायकलची, दुसरी जोराची, आणि तिसरी अशी की वाटलं तर रेडिओ न लावता यंत्रातून नुसता एकसारखा सूर बाहेर काढता येतो. ही तिसरी आम्ही कधी वापरत नसू.

पोलिसांतले शेषराव जमादार फेब्रुवारीत दुकानात आले ते थेट या यंत्रापाशीच उभे राहिले. माणूस नागपूर शहरातला, शेतावावरात कधी पाय न ठेवलेला, मिशीला तेल लावणारा.

"हे बोलते का?" त्यांनी विचारलं.

"बोलत नाई जमादारसायेब, शिट्टी वाजवते. अन् तेबी या खोलीपुरती."

"भिंतीपलीकडच्या रेडिओत आयकू येते का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "जोर वाढवला तं येते थोडीशी," मी म्हणालो.

"मंग हे संदेश धाडाचंच यंत्र झालं," असं म्हणून त्यांनी एक कागद पुढे केला. यंत्र माझ्या नावावर, जबाबदारी माझी, दुसऱ्याच्या हातून काही भलतं झालं तरी बेड्या माझ्या हातात. मी सही केली. त्या दिवसापासून मला त्या यंत्राची अशी भीती बसली की दुकान बंद करताना कुलूप दोनदा ओढून पाहणारा मी, चारदा ओढू लागलो.

दुकानात माझ्याखेरीज एकच माणूस होता, सहदेव. चांदूर बाजारकडचा, माळ्याचा. घरी वांगी-टमाटर आणि झेंडूचा मळा, पण हा अकोल्याच्या सिनेमा थेटरात पडद्यामागचे भोंगे दुरुस्त करत करत तारांच्या नादाला लागला. वय तिशीचं, बोलणं कमी, आणि कान असा की मी अजून दुसरा पाहिला नाही. मी जुळवणी करताना मीटरच्या काट्याकडे बघायचो. तो डोळे मिटून बसायचा. यंत्राचा जोर इतका कमी ठेवायचा की मला रेडिओतून काही ऐकूच यायचं नाही, आणि तो म्हणायचा, "आता बराबर बसलं, भाऊ." मी काटा पाहायचो, तो बरोबर टोकाला असायचा. जोर जास्त ठेवला की रेडिओ स्वतःच आवाज सावरून घेतो आणि स्क्रू चुकला तरी कळत नाही, हे मी मुंबईत दोन वर्षं राहून शिकलो होतो. त्याला ते कोणी शिकवलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता आणि थोडा हेवाही होता, खरं सांगायचं तर.

एप्रिलात ऊन तापलं तसा मी दुपारी बारा ते तीन घरी जाऊ लागलो. जेवायचं, अंगणात पाणी शिंपडून पडायचं. सहदेव दुकानातच डबा खायचा. एके दिवशी तीनला परत आलो तर यंत्राची जोराची खुंटी पार शेवटाला, आणि तिसरी खुंटी नुसत्या सुरावर.

"सहदेव, शिट्टीले हात लावला होता का?"

"नाई भाऊ. फडक्यानं पुसली असन," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला.

फडक्यानं पुसून खुंटी शेवटापर्यंत फिरत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना मी तिन्ही खुंट्यांपाशी शिसपेन्सिलीनं केसाएवढ्या खुणा केल्या. परत आलो तेव्हा खुंट्या होत्या तिथं होत्या, पण अगदी तिथं नव्हत्या. कोणीतरी त्या परत जागेवर आणून ठेवल्या होत्या, आणि आणताना सुताएवढं चुकलं होतं. शिवाय टेबलाच्या फटीत पिवळा कीस सापडला. मी तो बोटावर घेतला. पितळ. रेडिओच्या कामात कानशीनं पितळ घासायचं कारणच काय? मला त्या दिवशी चहा गेला नाही.

आठवडाभर मी काही बोललो नाही. नुसता पाहत राहिलो. तो पाणी प्यायला उठला तरी पाहायचो, कोणाशी बोलतो ते पाहायचो. अकोल्याहून त्याला एक पोस्टकार्ड आलं. ते मी वाचलं, यात लपवायचं काय, पोस्टकार्डच होतं. "काम लवकर कर, सोमवारच्या आत पेटी तयार पाहिजे. मी येतो. नत्थुजी." आता आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे लोक रेडिओला पेटीच म्हणत. मग अकोल्याच्या कुण्या नत्थुजीची ही कोणती पेटी, जिचं नाव दुकानाच्या वहीत नाही?

शनिवारी मी नेहमीसारखा बाराला निघालो, चौकापर्यंत गेलो, आणि मागच्या बोळातून परत आलो. दुकानाच्या मागच्या दाराला आतून कडी होती. मी कान लावला.

आधी शिट्टी ऐकू आली. आमच्याच यंत्राची, एकसारखी. मग ती चालू असतानाच दुसरी एक शिट्टी उठली, जराशी जाडी, आणि दोन्ही मिळून आवाज हेलकावे खाऊ लागला, वँव वँव वँव. मग हेलकावे सावकाश झाले. मग थांबले. हे काय असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन यंत्रं एकमेकांशी जुळवताना अस्संच होतं, हेलकावा थांबला की दोन्ही एका जागी आली. म्हणजे इकडून एक साद घालत होतं आणि कुठलं तरी दुसरं त्याला उत्तर देत होतं. माझ्या दुकानातून. माझ्या सहीच्या यंत्रावरून.

मग बोलणं ऐकू आलं. एक म्हातारा आवाज म्हणाला, "पांढरी पाच झाली पक्की. आता काळी चार पाहून घे."

"काळी चार बोलते मामा, पण दबून बोलते," हा सहदेव. "तिच्यात काहीतरी अटकलं आहे. उद्या काढतो. पांढरीचं आता भेव नाई."

"मंग सोमवारी सकाळच्या गाडीनं नेऊन टाकू. अकोल्याले समदे वाट पाहून राह्यले."

मी दर्यापूरकडचा शेतकरी. वडिलोपार्जित जमीन भाऊ कसतो, पण जन्म माझा त्याच मातीतला. आमच्याकडे गाव ज्या जमिनीवर बसतं तिला पांढरी म्हणतात, आणि पिकतं ती काळी. पाटलाच्या तोंडी, पटवाऱ्याच्या तोंडी, शेतसाऱ्यापासून बांधाच्या भांडणापर्यंत हेच दोन शब्द. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. पाच गावठाणं पक्की झाली. चार वावरांतली एक जागा दबून बोलते. बोलते! म्हणजे यांनी पाच गावांत आणि चार वावरांत यंत्रं लपवली आहेत, आणि ती माझ्या शिट्टीशी जुळवून राहिले आहेत.

दार ठोठावायला मी हात उचलला होता. तो मी खाली घेतला. आत दोघं होते, मी एकटा. आणि कागदावर सही माझी.

तिथून मी सरळ जमादारांकडे गेलो. उन्हात चालत गेलो, डोक्याला रुमाल बांधायचंही भान नव्हतं. सगळं सांगितलं. पांढरी आणि काळी म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं, शहरी माणूस. त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले.

"तुमचं नाव नाई येनार, वामनराव. अन् तुमचं दुकानबी शाबूत राहीन."

मला फार बरं वाटलं, ते इथं लपवत नाही. रविवारी मी पोटभर जेवलो. संध्याकाळी सुभद्रा तांदूळ निवडत होती, न राहवून तिला सांगितलं, की सहदेव कसा निघाला, पांढरी पाच आणि काळी चार कशा बोलतात. ती आधी ऐकत होती. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"अवो, ते पेटीचे सूर आहेत! वाजवाची पेटी. तिच्या पांढऱ्या पट्ट्या अन् काळ्या पट्ट्या. माहा भाऊ भजनात वाजवे तं दिवसभर हेच चाले, काळी चारमंधी गा, पांढरी पाचमंधी गा. आतमंधी पितळेच्या जिभल्या राह्यतात, त्या घासून सूर लावा लागते." मग तिचं हसू एकदम थांबलं. "तुमी कोणाले सांगतलं तं नाई ना हे?"

"नाई," मी म्हणालो.

आता इथं मी कसा वागलो ते ऐका. पितळेचा कीस माझ्या डोळ्यांपुढे आला. नुसत्या सुराची खुंटी आली. एका पक्क्या सुराशी जिभली जुळवायची, हेलकावा थांबला की जुळली, सगळं लख्ख कळलं. सहदेवनं लपवलं कारण मी बाहेरचं काम दुकानात करू देत नव्हतो, बस इतकंच. ठाणं माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. दिवस मावळायचा होता. मी पायांत जोडा घातला, आणि मग मनात आलं, की आज जाऊन मी उलटं सांगितलं तर जमादार काय म्हणेल? काल हा सांगतो यंत्रं आहेत, आज सांगतो पेटी आहे. म्हणजे यालाच कोणी दम भरला. म्हणजे हाच सामील आहे. आणि सुभद्राला तरी काय कळतं, भाऊ भजनात वाजवायचा म्हणून? पेटी असली तरी पेटीत काही नसेलच कशावरून? संशयी माणसाला कारणं लवकर सापडतात. मी जोडा काढून ठेवला. सकाळी पाहू, म्हटलं. उघडून पाहतील, पेटी निघेल, सोडून देतील.

सोमवारी बडनेरा स्टेशनवर सहदेव आणि नत्थुजी, दोघांना धरलं. पेटी निघाली. पण पाच पोलीस आणि एक अधिकारी फलाटावर उभे करून जमादारांना भजनाची पेटी पकडलेली परवडणार नव्हती. त्यांनी तिच्या सगळ्या जिभल्या उपटून आत तारा शोधल्या. नत्थुजी म्हातारे, त्यांना दोन दिवसांनी मोडकी पेटी देऊन सोडलं. सहदेवला ठेवून घेतलं.

पाचव्या दिवशी मी ठाण्यात गेलो. माझ्याकडे कामाला आहे, चांगला माणूस आहे, मी जामीन राहतो, असं खूप बोललो. शेषराव जमादार माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की जणू चूक माझी एकट्याची. आणखी दोन दिवस गेले आणि सातव्या दिवशी त्यांनी त्याला सोडलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावर हिरवट सूज होती. मी त्याला टांग्यात बसवलं. सुभद्रानं त्याला वरण-भात वाढला आणि कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसले. ती माझ्याशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलू लागली.

तो दोन दिवस मळ्यावर राहून परत कामाला आला. मला वाटलं होतं येणार नाही. खरं म्हणजे मी तशी आशाच धरली होती. तो आला, टेबल पुसलं आणि एका वकिलाचा रेडिओ खोलून बसला. लोक दुकानात येऊन म्हणायचे, वामनरावानं बरं सोडवून आणलं. मी मान हलवायचो. सहदेवही मान हलवायचा.

आणि मला आता नव्याच संशयानं धरलं. याला ठाऊक आहे का? मी त्याला चहा दिला तर तो आधी माझ्याकडे पाहतो का? "भाऊ" म्हणताना पूर्वीसारखं म्हणतो का? नागपूरहून दुसऱ्या दुकानाचं बोलावणं आलं होतं त्याला, ते त्यानं काहून नाकारलं? एखाद्या दिवशी माझ्याच यंत्रात काही करून ठेवील आणि मला अडकवील, असंही मनात येऊन गेलं. पंधरा दिवस मी दुपारचा घरी गेलो नाही.

मग एका सकाळी तो जुळवणी करत होता आणि मी समोर बसलो होतो. रेडिओतून शिट्टी येत होती, मला स्वच्छ ऐकू येत होती. पूर्वी त्याच्या जुळवणीत मला कधीच ऐकू येत नसे. त्यानं जोराची खुंटी आणखी वर नेली. मग मान वळवून उजवा कान भोंग्याजवळ नेला, जवळजवळ टेकवलाच. स्क्रू फिरवला. मीटरचा काटा टोकाच्या बराच अलीकडे होता.

"बराबर बसलं का?" त्यानं विचारलं.

त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी उठलो, त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "सहदेव." त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मोठ्यानं म्हणालो, तेव्हा दचकला.

"डावा कान?"

"गेला," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी. कानफटात बसली."

मला विचारायचं नव्हतं, पण पंधरा दिवसांचं साचलं होतं, ते निघालंच. "कोणी सांगतलं असन रे तुहं त्याईले?"

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"जमादार मले सात दिवस एकच विचारे भाऊ. पाच पांढऱ्या कोणत्या गावच्या? चार काळ्या कोणाच्या वावरातल्या? पयले मले समजेच ना हा काय विचारून राह्यला. मंग समजलं. ज्याले पेटी माहीत आहे तो असं इचारत नाई. जमादार शहरातला, त्याले पांढरी माहीत नाई, काळी माहीत नाई. आमी माळी, आमच्याकडं मळा म्हणतो, वाडी म्हणतो. गावाले पांढरी अन् वावराले काळी म्हणणारा, अन् दुपारी या मांगच्या दारापाशी उभा राह्यणारा, असा एकच माणूस आहे या गल्लीत. अन् तो दर्यापूरचा आहे."

बाहेर रस्त्यावर कोणी तरी टमाटर विकत चाललं होतं. मी स्टुलावर बसलो.

"मले रविवारीच समजलं होतं," मी म्हणालो. हे मी का सांगितलं, मलाच माहीत नाही. "पेटी आहे म्हून. संध्याकाळीच समजलं होतं. मी गेलो नाई."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं हात लांब करून यंत्राची जोराची खुंटी पार खाली आणली.

"मंग तू परत काहून आला?" मी विचारलं. "नागपूरचं काम होतं, तठी जायाचं."

"गेलो असतो, भाऊ. पण तठी पयल्याच दिवशी विचारलं असतं, कान कशानं गेला. खरं सांगतलं तं पोलिसानं धरलेला माणूस म्हून कोणी ठेवत नाई. खोटं सांगाले मले जमत नाई." त्यानं स्क्रूड्रायव्हर परत उचलला. "अठी कोणाले सांगा नाई लागत. अठी माहीत आहे."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.